फुकटच्या सॉफ्टवेअरला जामीन कोण?

मंडळाच्या वाचनालयातले दोन जुने संगणक आता 'डेबियन' नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. हे दोन्ही संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते आणि चालती यंत्रे भंगारात द्यायला कार्यकारिणीचे मन होईना. त्यावर डेबियन घातले, त्याला एक पैसाही लागला नाही. तेव्हापासून सभासद आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. फुकट आहे म्हणता, मग बिघडले तर जबाबदार कोण? पैसे न घेता कोणी कशाला राबेल? आत काही लपवून ठेवलेले नाही कशावरून?

प्रश्न रास्त आहेत. आमचे उभे आयुष्य बँकेत गेले, आणि जामीनदार कोण हे विचारल्याशिवाय आम्ही कोणाचा कर्जाचा अर्ज पुढे सरकवला नाही. त्यामुळे हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला आणि उत्तर शोधत गेलो. उत्तर थोडक्यात असे, की सॉफ्टवेअर लिहिणारा आणि आपला संगणक यांच्यामध्ये आणखी एक माणूस उभा असतो. त्याचे नाव बहुतेकांनी कधी ऐकलेले नसते. तो ते सॉफ्टवेअर तपासतो, मापात बसवतो, त्यावर स्वतःची सही करतो आणि पुढे वर्षानुवर्षे ते सांभाळतो. या कामाला पॅकेजिंग म्हणतात आणि त्या माणसाला मेंटेनर. आजचा लेख या कामाविषयी आहे.

लिहिणारा वेगळा, पोचवणारा वेगळा

माणूस प्रोग्रॅम लिहितो तेव्हा तो वाचता येण्यासारख्या मजकुरात असतो. त्याला सोर्स कोड म्हणतात. यंत्राला तो मजकूर तसाच कळत नाही, त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते. विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती फक्त हे रूपांतर येते. मूळ मजकूर कंपनीच्या कपाटात राहतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ मजकूरही मिळतो, आणि तो वाचण्याची, बदलण्याची व दुसऱ्याला देण्याची लेखी परवानगीही मिळते. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'जीएनयू' प्रकल्प जाहीर केला तो याच विचाराने. १९९१ मध्ये फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 'लिनक्स' हा गाभा लिहिला. दोन्ही एकत्र आले आणि पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम उभी राहिली.

पण अडचण पुढे होती. असे प्रोग्रॅम हजारो, त्यांचे लेखक जगभर पसरलेले आणि प्रत्येकाची पद्धत निराळी. कोणी फायली एका ठिकाणी ठेवणार, कोणी दुसऱ्या. एकाला अमुक साहाय्यक भाग लागणार, दुसऱ्याला त्याचीच जुनी आवृत्ती. सामान्य माणसाने हे सगळे गोळा करून आपल्या संगणकावर नीट बसवायचे म्हणजे लग्नाच्या जेवणासाठी पाहुण्यांनी आपापला शिधा आणून स्वतः रांधण्यासारखे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा हेतू हाच होता, की चांगले मुक्त सॉफ्टवेअर एका शिस्तीत बांधून लोकांपर्यंत पोचवावे. त्या वेळची त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः इयन, दोघांची नावे जोडून 'डेबियन' झाले.

आज त्याची तेरावी आवृत्ती वापरात आहे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत. २००४ पासून येणारी 'उबुंटू' डेबियनवर आधारलेली आहे. आपल्या सी-डॅकने सरकारी कार्यालयांसाठी आणि शाळांसाठी तयार केलेली 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणजे डेबियनमध्ये एका माणसाने एक पॅकेज नीट केले, तर त्याचा उपयोग या सगळ्या घरांत होतो.

पॅकेज म्हणजे मापातले कौल

खानापूरच्या माणसाला ही गोष्ट कौलांवरून चटकन कळेल. आपल्या तालुक्याच्या मातीचे नाव भांड्यांसाठी आणि कौलांसाठी आहे. मंगलोरी कौल छपरावर घट्ट बसते ते त्याच्या खाचेमुळे. एका कौलाची कड दुसऱ्याच्या खाचेत जाते आणि पाणी आत न येता खाली वाहून जाते. माती कितीही चांगली असली तरी खाच मापाची नसेल तर आपल्या पावसात ते छप्पर गळणार. उलट माप ठरलेले असेल तर एक फुटके कौल काढून तिथे दुसरे बसवता येते, सगळे छप्पर उतरवावे लागत नाही. लेखकाने लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे चांगली माती. ती मळून, साच्यात घालून, भाजून मापाचे कौल करणे म्हणजे पॅकेजिंग.

हे माप कागदावर उतरलेले असते. मेंटेनर मूळ मजकुराला 'डेबियन' नावाचा एक फोल्डर जोडतो. त्यात चार फायली मुख्य असतात. 'कंट्रोल' या फायलीत पॅकेजचे नाव, त्याचे वर्णन, ते कोण सांभाळतो आणि त्याला दुसरी कोणती पॅकेजेस लागतात हे लिहिलेले असते. 'रूल्स'मध्ये मूळ मजकुराचे रूपांतर कसे करायचे याच्या सूचना असतात. 'चेंजलॉग'मध्ये आजवर केलेला प्रत्येक बदल तारीख आणि नावासह नोंदलेला असतो. 'कॉपीराइट'मध्ये कोणत्या फायलीचे हक्क कोणाकडे आहेत आणि परवानगी कोणत्या अटींवर आहे याची नोंद असते. आम्हाला तर हे पाहून कर्जखात्याची फाईल आठवली. अर्ज, मंजुरीची टिपणे, जामीनपत्र, गहाणखत, सगळे एका जागी आणि कोणालाही तपासता येईल असे.

'कंट्रोल'मधली गरजांची यादी फार महत्त्वाची आहे. चित्र उघडणे, फाईल आवळून लहान करणे, जाळ्यावरून सुरक्षित संदेश पाठवणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रॅम स्वतः करीत नाही. त्यासाठी सामाईक भाग असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. डेबियनची रीत अशी, की शक्यतो अशा लायब्ररीची एकच प्रत ठेवायची आणि सर्वांनी ती वापरायची. त्या प्रतीत दोष सापडला तर एका ठिकाणी दुरुस्ती केली की ती वापरणारे सगळे प्रोग्रॅम दुरुस्त होतात. प्रत्येकाने आपापली प्रत पोटात ठेवली असती तर शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागली असती, आणि एखादी हमखास राहून गेली असती.

यादीचे महत्त्व जगाला मार्च २०१६ मध्ये कळले. 'लेफ्ट-पॅड' नावाचा जेमतेम अकरा ओळींचा एक प्रोग्रॅम होता. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरण्यापलीकडे त्याचे काही काम नव्हते. लेखकाचा ज्या भांडाराशी वाद झाला तिथून त्याने आपले सगळे लेखन काढून घेतले, त्यात हाही गेला. तो वापरणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमांवर आणखी तिसरे अवलंबून होते. जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांची कामे काही तास अडली. डेबियनमध्ये पॅकेज होताना मूळ मजकुराची प्रत डेबियनच्या भांडारात जमा होते. मूळ लेखक रुसला किंवा त्याचे संकेतस्थळ बंद पडले तरी जमा झालेली प्रत जागेवर राहते.

एक मराठी उदाहरण : लोहित

मंडळाच्या जुन्या स्मरणिकांच्या छपाईसाठी ज्यांनी बेळगावला हेलपाटे घातले, त्यांना फाँटचा घोळ आठवत असेल. एका दुकानात टाइप केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसत. प्रत्येक फाँट बनवणाऱ्याने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. युनिकोड आल्यावर क्रमांक जगभर एक झाले. पण क्रमांक एक झाला तरी अक्षर पडद्यावर दिसायला फाँट लागतोच, आणि तो कोणालाही वापरता व वाटता येईल असा हवा.

अशा फाँटांत 'लोहित' हे नाव महत्त्वाचे आहे. हे फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने पुरवले आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. आधी परवाना जीपीएल होता, तो २०११ मध्ये बदलून खास फाँटांसाठी असलेला 'ओपन फाँट लायसन्स' लावला गेला. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावातल्या रंगाला शोभणारे नाव. या कुटुंबात देवनागरीबरोबर कन्नड, गुजराती, पंजाबी, बंगाली, तमिळ, तेलुगू असे फाँट आहेत. आपल्यासारख्या भागात, जिथे एकाच पत्रिकेवर मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, तिथे ही सोय मोलाची आहे.

आता कोणी म्हणेल, फाँट म्हणजे एक फाईल. ती उतरवून घेतली की झाले, त्यात पॅकेज ते काय करायचे? मेंटेनर काय करतो ते क्रमाने पाहू.

पहिले काम परवाना वाचण्याचे. 'फुकट उतरवा' असे लिहिलेले असणे आणि 'दुसऱ्याला देण्याची परवानगी' असणे यांत फार अंतर आहे. परवानगी स्पष्ट नसेल तर पॅकेज डेबियनच्या मुख्य भांडारात जात नाही. १९९७ मध्ये डेबियनने आपला 'सामाजिक करार' आणि मुक्त सॉफ्टवेअरचे निकष लिहून काढले, त्यांवर प्रत्येक पॅकेज घासून पाहतात.

दुसरे, आयती फाईल न उचलता ज्या मूळ रेखांकनातून फाँट तयार होतो ते मिळवायचे आणि शक्य तिथे त्यातून फाँट पुन्हा तयार करायचा. पुढे कोणाला अक्षर सुधारायचे असेल तर त्याच्यापाशी मूळ असले पाहिजे.

तिसरे, तो अशा जागी बसवायचा की पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम, ब्राउझर आणि प्रिंटर या सगळ्यांना तो सापडेल. कोणत्या भाषेसाठी हा फाँट आधी वापरावा हेही प्रणालीला सांगायचे.

चौथे काम तपासणीचे, आणि इथे मराठी जाणणारा माणूस लागतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्याला हा फरक सांगायला नको. पण 'ऱ्य'मधला तो आडवा बारीक रफार फाँटमध्ये नसेल तर दऱ्यांचा दर्या होतो. तसेच 'ल' आणि 'श'चे. हिंदी वळण वेगळे, मराठी वळण वेगळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण म्हणून सांगितले आहेत. डेबियनमध्ये लोहितचे देवनागरीसाठी सामाईक पॅकेज आहे, तसे मराठीसाठी वेगळेही आहे. ज्याला हा फरक दिसतच नाही त्याच्या हातून तो सुटणार, मग तो संगणकशास्त्रात कितीही निपुण असो.

सही, दुसरी सही आणि सांकेतिक आकडा

आता जामिनाचा मुद्दा. डेबियनचा सदस्य होण्यासाठी आधी बरीच कामे करून दाखवावी लागतात. नवख्याचे पॅकेज जुना सदस्य तपासतो आणि आपल्या जबाबदारीवर पुढे पाठवतो. प्रत्येक सदस्याची संगणकीय सही असते. परंपरेने ही सही खरी मानण्यासाठी दुसऱ्या सदस्याने प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून तिला दुजोरा द्यावा लागतो. बँकेत खाते उघडताना जुना खातेदार ओळख देत असे, तसेच हे.

सही केलेले पॅकेज लगेच आपल्या संगणकावर येत नाही. अगदी नवे असेल तर आधी एक वेगळी टोळी परवाने आणि मांडणी तपासते. मग डेबियनची स्वतःची यंत्रे मूळ मजकुरातून ते पुन्हा तयार करतात. त्यानंतर ते 'अस्थिर' विभागात जाते. तिथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर 'चाचणी' विभागात सरकते. साधारण दोन वर्षांनी चाचणी विभाग गोठवून, दोष काढून त्याची 'स्थिर' आवृत्ती जाहीर होते. आपल्या वाचनालयात आहे ती ही स्थिर आवृत्ती. तीत नवनवीन सोयी येत नाहीत, फक्त दुरुस्त्या येतात. एका व्हाउचरवर एकाच माणसाने लिहायचे, तपासायचे आणि पैसेही द्यायचे हे कोणत्याही शाखेत चालत नव्हते. इथेही चालत नाही.

वाटेतल्या चोराचे काय? डेबियनची पॅकेजेस जगभरच्या अनेक विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या यंत्रांवर ठेवलेली असतात. त्या प्रत्येक संस्थेवर विश्वास ठेवण्याची गरज पडत नाही. प्रत्येक पॅकेजच्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक आकडा काढतात. आत एक अक्षर जरी बदलले तरी आकडा बदलतो. अशा सगळ्या आकड्यांच्या यादीवर डेबियनची सही असते. आपला संगणक आधी सही पाहतो, मग आकडा जुळवतो, आणि जुळला नाही तर पॅकेज घेत नाही. जुन्या बँकवाल्यांना टीटी आठवेल. पैसे पाठवण्याची तार कोणत्याही तारघरातून आली तरी तिच्यातला सांकेतिक आकडा जुळवल्याशिवाय आम्ही रक्कम देत नसू.

दोन मोठे धडे

इतकी व्यवस्था असूनही घात झालेला आहे, आणि ते सांगितले नाही तर हा लेख जाहिरात होईल.

पहिली घटना डेबियनच्या आतली. २००६ मध्ये 'ओपनएसएसएल' या लायब्ररीच्या पॅकेजमध्ये एक बदल झाला. दोष शोधणारे एक साधन काही ओळींबद्दल कुरकुर करीत होते, म्हणून त्या काढण्यात आल्या. ही लायब्ररी गुप्त किल्ल्या तयार करते, आणि किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून तिला भरपूर यादृच्छिक आकडे लागतात. काढलेल्या ओळींबरोबर ते आकडे मिळण्याची वाटच बंद झाली. अब्जावधींच्या कैकपट शक्यतांऐवजी एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या फक्त ३२,७६८ किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. चोराला एकेक लावून पाहायला हा आकडा काहीच नाही. मे २००८ मध्ये डेबियनच्याच एका सदस्याला हे सापडले. १३ मे रोजी प्रकल्पाने ते उघडपणे जाहीर केले आणि जगभरच्या लोकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. मूळ लेखनात मेंटेनरने परस्पर केलेला लहानसा बदलही किती महाग पडतो हे त्यातून कळले. असा बदल मूळ लेखकांकडे पाठवून त्यांच्याकडून तपासून घेण्यावर त्यानंतर अधिक भर आला.

दुसरी घटना २०२४ ची, आणि ती जास्त विचार करायला लावणारी आहे. 'एक्सझेड' नावाची फायली आवळणारी एक लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती अनेक वर्षे एकच माणूस, मोबदला न घेता, सांभाळत होता. तो थकला होता. कामे मागे पडत होती आणि काही अनोळखी लोक त्याला संदेश पाठवून टोचत होते, की तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. त्याच सुमारास 'जिया टॅन' नाव लावणारा एक मदतनीस पुढे आला. दोनेक वर्षे त्याने चांगले काम केले आणि विश्वास संपादन करून सहसांभाळक झाला. मग त्याने नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. खुबी अशी, की सर्वांना दिसणाऱ्या मूळ मजकुरात तो पुरता दिसत नव्हता. पॅकेजवाल्यांसाठी जी गठडी बांधून ठेवतात तिच्यात तो पूर्ण होत होता, आणि पॅकेज तयार होतानाच जागा होत होता.

तो उघडकीस आणला अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. तो डेबियनच्या अस्थिर विभागावर दुसऱ्याच एका कामाची मोजमापे घेत होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याला खटकले. त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळे जाहीर केले. तोपर्यंत ती आवृत्ती डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी विभागात पोचली होती. स्थिर आवृत्तीत पोचली नव्हती, म्हणून सामान्य वापरणारे वाचले.

बँकेत आम्ही सही खरी आहे की नाही ते पाहत होतो. पण सही खरी आणि सही करणाऱ्याचा हेतू खोटा, असे प्रकरण सगळ्यांत अवघड असते. एक्सझेड हे तसे प्रकरण होते. मूळ मजकूर उघडा होता म्हणून एका चौकस माणसाला शेवटपर्यंत शोध घेता आला. संथ चालणारी स्थिर आवृत्ती कामास आली. आणि सगळ्यांचा भार वाहणारा एकटा, थकलेला माणूस हीच व्यवस्थेतली कच्ची जागा आहे हेही दिसले. चोराने नेमकी तीच जागा हेरली होती.

मराठी आत आली, एस्टोनियन बाहेर गेली

एकट्या माणसाचा हा मुद्दा आपल्या भाषेला थेट लागू आहे. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची 'लेनी' ही आवृत्ती आली. तिचे इन्स्टॉलर, म्हणजे संगणकावर पहिल्यांदा बसवताना प्रश्न विचारणारा भाग, ६३ भाषांत होते. त्या आवृत्तीत नव्याने आलेल्या भाषांत मराठी होती. कोणीतरी बसून शेकडो वाक्यांचे भाषांतर केले, म्हणून खानापूरचा मुलगा ते प्रश्न आपल्या भाषेत वाचू शकतो.

त्याच आवृत्तीत एक भाषा गळाली, एस्टोनियन. कारण एवढेच, की भाषांतर अद्ययावत ठेवायला कोणी उरले नव्हते. एस्टोनियन ही एका स्वतंत्र देशाची राजभाषा आहे. तिच्यामागे सरकार आहे, शाळा आहेत, १६३२ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे. त्यातले काही उपयोगी पडले नाही. आणि त्याच वेळी वेल्श, जी आधीच्या आवृत्तीत बंद झाली होती, ती परत आली. कारण तिचे काम कोणीतरी पुन्हा हाती घेतले.

मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटींहून अधिक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. आपल्याला आनंद झाला, पेढे वाटले. पण इन्स्टॉलरला हे दोन्ही ठाऊक नाही. प्रोग्रॅम बदलतो, नवी वाक्ये येतात, आणि ती कोणी भाषांतरित केली नाहीत तर मराठीच्या मधेमधे इंग्रजी दिसू लागते. पॅकेजचेही तसेच. मेंटेनरने काम सोडले की डेबियनमध्ये त्याला अधिकृतपणे 'अनाथ' म्हणतात. कोणी दत्तक घेतले तर ठीक. नाही तर दोष साचतात आणि एके दिवशी ते पुढच्या आवृत्तीतून वगळले जाते. व्यवहार नसलेले खाते बँक निष्क्रिय करते, खातेदार कितीही मोठ्या घराण्यातला असो.

सीमेवरच्या माणसाला हे नवे नाही. आपल्याकडे मराठी टिकली ती घरी बोलणाऱ्या आयांमुळे, शाळा चालवणाऱ्या मास्तरांमुळे आणि वाचनालयाची वर्गणी गोळा करणाऱ्यांमुळे. संगणकातली मराठीही अशाच रोजच्या कामावर उभी आहे.

आपण काय करू शकतो

आधी घरचे. सॉफ्टवेअर घेताना ते प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावे. कोणत्याही पानावर 'इथून उतरवा' दिसले म्हणून उतरवू नये. फोनलाही हाच नियम. अपडेटची सूचना आली की ती पुढे ढकलू नये, कारण स्थिर आवृत्तीत येणारे अपडेट म्हणजे बहुतेक दुरुस्ती असते.

जुन्या संगणकावर डेबियन घालायचे असेल तर आधी आपल्या फायलींची वेगळी प्रत काढावी. मग पेनड्राइव्हवरून डेबियन नुसते चालवून पाहावे, त्यात आतल्या डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर चालतो का, आवाज येतो का ते पाहून मगच निर्णय घ्यावा. ज्यांचा व्यवसाय टॅलीवर आहे किंवा ज्यांना डिजिटल सहीची चकती वापरावी लागते, त्यांनी विंडोजचे यंत्र ठेवावे हे बरे. तसेच डेबियन १३ चे इन्स्टॉलर अगदी जुन्या ३२ बिटच्या इंटेल यंत्रांसाठी मिळत नाही. पत्रव्यवहार, हिशेबाचे तक्ते, बातम्या आणि मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी मात्र ते पुरेसे आहे. कार्यालयीन कामासाठी लिबरऑफिस मिळते, त्याचे मेनू मराठीत करणारे पॅकेज वेगळे असते, ते मागून घ्यावे लागते.

आता भाषेचे. या कामाला प्रोग्रॅमिंग यायलाच हवे असे नाही. भाषांतराच्या फायलीत एका ओळीत इंग्रजी वाक्य असते आणि खाली मराठीची जागा. सोपे, बोलीला धरून आणि अचूक मराठी लिहिता येणारे निवृत्त शिक्षक आपल्याकडे किती तरी आहेत. चूक दिसली तर ती नीट नोंदवून कळवणे हेही मोठे काम आहे. केरळात शाळांमधून मुक्त सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरले जाते, आणि डेबियनची जागतिक वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात पहिल्यांदा भरली ती कोचीला. आपल्या तालुक्यातली मुले बेळगावला, पुण्याला, बेंगळुरूला संगणक अभियांत्रिकी शिकतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. मराठीचे एखादे अनाथ पॅकेज सांभाळायला घेणे हा चांगला विषय आहे. त्यात काम शिकायला मिळते आणि आपले नाव 'चेंजलॉग'मध्ये तारखेसह कायम राहते.

आम्ही वाचनालयातल्या संगणकांशेजारी एक वही ठेवली आहे. पडद्यावर कुठे चुकीचे मराठी, अर्धवट इंग्रजी किंवा मोडलेले जोडाक्षर दिसले तर कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणत्या मेनूत, काय दिसले आणि काय हवे ते तीत लिहावे. आपल्याकडची शिकणारी मुले त्या नोंदी संबंधित मेंटेनरांकडे पाठवण्यास तयार आहेत. वहीत तारीख आणि आपले नाव लिहायला विसरू नये. मेंटेनरने उलट काही विचारले, तर उत्तर कोणाकडून घ्यायचे ते आम्हाला कळले पाहिजे.